समस्त मामा मंडळी

चारशे पत्रिका जुन्नरहून छापून आल्या आणि गठ्ठ्याची सुतळी सुटते न सुटते तोच हर्षालीचा आवाज चढला.

"आबा, माझा मामा कुठाय?"

पत्रिकेत नावांचा दुष्काळ होता असं कुणी म्हटलं नसतं. डिंगोऱ्यातली सगळी भावकी होती, सोसायटीचे तीन माजी चेअरमन होते, चुलत आत्याचा दुबईला राहणारा जावईसुद्धा होता, आणि तो काही येणार नव्हता. मात्र जिथं घोडेगावच्या सयाजीचं नाव हवं होतं, तिथं जाड अक्षरात छापलं होतं, 'समस्त मामा मंडळी'.

"हाय की," चांगदेव नजर चुकवत म्हणाले. "समस्तमधी त्यो बी आला."

"मला एकच मामा आहे आबा. एकटा माणूस समस्त कसा?"

ह्यावर चांगदेव मोटार चालू करायला वावरात निघून गेले. लाईट रात्री येणार होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

स्वयंपाकघरात हर्षालीच्या आईच्या, प्रयागबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती चुलीत पडली. ऋषीशी हर्षालीचं लग्न आठ दिवसांवर. लग्नाच्या घटकेला नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. हर्षाली बापावर गेलेली. तिनं दारातूनच ऐकवलं, "मामा पाठीशी नसला तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. ऋषीला तसं फोन करून सांगितलंय." ही पोरगी बोलते ते करते. लहानपणी शाळेची सहल रद्द झाली तेव्हा ती तीन दिवस दप्तर घेऊन एसटी स्टँडवर बसायला गेली होती.

प्रयागबाईंचा जीव गलबलला तो पोरीच्या हट्टानं नव्हे. सदतीस वर्षं त्यांचा नवरा आणि त्यांचा सख्खा भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. भाऊबीजेला त्या एकट्याच घोडेगावची एसटी धरायच्या. थोरल्या मुलाचं, सूरजचं लग्न लॉकडाऊनमध्ये पंचवीस माणसांत उरकलं, तेव्हा सयाजीला न बोलावल्याचं खापर सरकारवर फोडता आलं. आता सरकारही मदतीला येणार नव्हतं. आणि ह्या सगळ्याच्या मुळाशी कोण आहे, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. ते माणूस ह्या घडीला चुलीतून जळकी भाकरी काढत होतं.

भांडण कशावरून, हे घरातल्या लहान पोरांनाही पाठ होतं. अमेरिकन फुटबॉलवरून.

ऐकणाऱ्याला खोटं वाटतं, पण एक हिवाळाभर जुन्नरच्या एका छोट्या कॉलेजात हा खेळ खेळला गेला. कॉलेज म्हणजे पाच खोल्या आणि एक पत्र्याची शेड. इंग्रजीचे सर वर्षभर अमेरिकेत राहून आले आणि येताना दोन लांबोडके चेंडू आणि नियमांचं पुस्तक घेऊन आले. नाव फुटबॉल, पण पायाचं काम कमीच. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या संघाच्या रेघेपलीकडे न्यायचा, बाकीच्यांनी पळणाऱ्याला आडवं करायचं. डोक्याला स्कूटरची हेल्मेटं, खांद्याला गोणपाटाच्या घड्या. कॉलेजला मैदान नव्हतं. म्हणून सरांनी सराव लावला बैलगाड्याच्या घाटात.

इथंच सगळं बिनसलं. शर्यतीचा घाट म्हणजे चढ. बैल खालून सुटतात आणि वरच्या निशाणापलीकडे जातात, उलटं कुणी पळत नाही. अशा एका धावेला बारी म्हणतात. पोरं चार महिने खालून वर पळाली. घाटातले निवेदक सोमाजी हातात घड्याळ धरून त्यांची बारी मोजायचे आणि "बारा सेकंद!" म्हणून ओरडायचे. समोर अडवायला कुणीच नसायचं, त्यामुळे पोरांना वाटायचं आपण अजिंक्य आहोत.

हंगाम तीन सामन्यांचा. पहिल्यात मैदान सपाट निघालं आणि चढच नसल्यानं पोरांना थांबता येईना, दोघं रेघ ओलांडून कॅन्टीनपर्यंत गेले. अडतीस-शून्य. दुसऱ्या सामन्याला समोरचा संघ आलाच नाही, तेव्हा आपण जिंकलो म्हणून जुन्नरात गुलाल उधळला. तिसरा सामना पुण्यात, परदेशी विद्यार्थ्यांच्या संघाशी. सहा-सहा बरोबरी, शेवटची दोन मिनिटं, आणि चेंडू चांगदेवच्या हातात पडला. चांगदेव सुटला तो वाऱ्यासारखा, पण उलटा. आपल्याच रेघेकडे. ती ओलांडून तिथं पडला असता तर दोन गुण समोरच्यांना आणि सामना त्यांच्या घशात. मागून धावत आला तो सयाजी, त्याचा जिवलग मित्र आणि त्याच्याच संघाचा कप्तान. दोन हात राहिले असताना त्यानं झडप घातली आणि चांगदेवला तोंडावर पाडलं. सामना बरोबरीत सुटला, समोरचे दोन दात मात्र तिथंच राहिले.

सगळे म्हणाले, घाटाची सवय. मैदानाची ती बाजू जरा चढाची होती, गडी चढाकडे पळाला. चांगदेव मात्र एकच वाक्य बोलायचे, "मी बरोबर पळत व्हतो." का बरोबर, कसं बरोबर, ते कधी सांगितलं नाही. पुढे चार महिन्यांनी ठरल्याप्रमाणे सयाजीच्या बहिणीशी त्यांचं लग्न झालं. लग्नाच्या फोटोत नवरदेव तोंड गच्च मिटून उभा आहे. पाहुण्यांना वाटलं, मुलगा गंभीर स्वभावाचा दिसतो.

रविवारी सूरजनं बैठक बोलावली. तो मार्केट यार्डात टोमॅटोचे सौदे करतो, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट दोन माणसं समोरासमोर बसवली की तुटते, असा त्याचा समज आहे. घोडेगावहून सयाजी आणि त्यांची बायको लंकाबाई आले. पंच म्हणून सोमाजींना आणलं. ऐंशी ओलांडली तरी आवाज तोच, फक्त "माईकबिगर मला सुचत न्हाई" ही खोड वाढली होती. हळदीसाठी आणलेला स्पीकर आणि माईक सूरजनं ओट्यावर मांडून दिला.

सयाजी अंगणात बाजेवर बसले आणि पत्रिका समोर धरली.

"प्रयागे, तुज्या मालकांना इचार. मी समस्तमधी कितवा?"

चांगदेव चार हातांवर खुर्चीत बसले होते. "त्यांना म्हनावं, जो स्वतःच्या गड्याला पाडतो त्यो माझ्या पोरीच्या मागं उभा ऱ्हाऊन काय करंल? तिला बी पाडंल."

"त्यांना म्हनावं, पाडलं म्हनून तर हरलो न्हाई!"

"त्यांना म्हनावं..."

"मी काय पोस्टमन हाय का?" प्रयागबाई कडाडल्या.

आता खरी गंमत सुरू झाली. सूरज मामाच्या बाजूनं बोलायला गेला, "आबा, मामाचं बरोबर आहे, तुम्ही उलटे पळालात." तशी लंकाबाई उसळल्या. त्या नवऱ्याची बाजू घेतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांनी सदतीस दिवाळ्यांना फराळाबरोबर ही गोष्ट ऐकली होती आणि दर दिवाळीला सयाजीची झडप हातभर लांब होत होती.

"काय बरोबर? पयल्यांदा ऐकलं तवा चार पावलं उडी मारली व्हती. औंदा दिवाळीत अर्धं मैदान उडत आले. मी म्हन्ते, दाजीच खरं बोलत असतील!"

"तू कुनाकडनं हायेस?" सयाजी.

"जो कमी बोलतो त्याच्याकडनं."

चांगदेवांनी मान ताठ केली. हर्षालीनं लगेच मामीचा पदर ओढला. "मामी, आबांना चढवू नकोस ना. आधीच पत्रिकेतून मामा गायब केलाय त्यांनी."

"गायब न्हाई, समस्त," चांगदेव म्हणाले.

सोमाजींनी माईकमध्ये फुंकर मारली. शेजारच्या वावरातली बगळ्यांची रांग उठली.

"ऐका मंडळी, ऐका! पंच कमिटीचा निर्नय असा हाय, का तोंडी पुरावा बास झाला. बारी पुन्हा होईल. चांगदेवराव चेंडू घेऊन उभं ऱ्हातील. मी निशाण टाकीन. गडी कुठं पळतो त्ये बघू. चढाकडं पळाला तर घाटाची सवय, सयाजीराव बरोबर. न्हाई पळाला तर चांगदेवराव बरोबर."

"आजोबा, आबांचा गुडघा..." हर्षाली.

"बैल म्हातारा झाला तरी घाट इसरत न्हाई!" सोमाजी गरजले. शेजारपाजारची माणसं एव्हाना कुंपणाशी जमली होती. घाटातला आवाज ऐकू आला की डिंगोऱ्यात हातातलं काम टाकून यायची रीतच आहे.

चेंडू कुठून आणायचा? सूरजनं माळ्यावरून लाल भोपळा काढून दिला. गोठ्याकडची बाजू चढाची, फाटकाकडची उताराची. चांगदेव मधोमध उभे राहिले, धोतराचा सोगा खोचला आणि भोपळा पोटाशी धरला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पण भोपळा असा धरला होता की कुणी हिसकावून दाखवावा. सयाजीही उठले, मागे चार पावलांवर जाऊन वाकले. लंकाबाईंनी डोक्याला हात लावला.

"अहो, तुमची कंबर!"

"कंबर गेली खड्ड्यात."

प्रयागबाई गोठ्याच्या चढावर, पेंढीच्या ढिगाजवळ उभ्या होत्या. आपण नेमक्या त्याच बाजूला का उभ्या राहिलो, हे त्यांना आत्ता कळलं.

सदतीस वर्षांपूर्वीही त्या अशाच उभ्या होत्या. अठरा वर्षांच्या. मावशीला डॉक्टरकडे दाखवायचं निमित्त करून बापानं त्यांना पुण्याला नेलं होतं. खरं म्हणजे सोयरीक ठरत आलेला मुलगा पोरीनं लांबून बघून घ्यावा एवढाच बेत होता, आणि त्याचा ब्र कुठं काढायचा नव्हता. खेळातलं कुणाला काय कळत होतं! प्रयागनं आयुष्यात एकच शर्यत बघितलेली, घाटातली. तिथं वरच्या अंगाला, जिथं माणसं जास्त तिथंच निशाण असतं. म्हणून मैदानाच्या ज्या कडेला गर्दी होती, जिथं ती आणि मावशी उभ्या होत्या, तीच जिंकायची रेघ, असं तिनं धरून टाकलं. मुलाच्या हातात चेंडू पडला, तो क्षणभर गोंधळून थांबला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "इकडं! अहो, इकडं या!"

तो आला की. दोन हात राहिले होते.

ती हाक कुणी ऐकली नाही, असं तिनं स्वतःला समजावलं. मावशी बहिरी होती. बाप लांब होता. त्या गलक्यात त्याला काय ऐकू जाणार? मग "घाटाची सवय" हा शब्द निघाला आणि तिनं तो आनंदानं पांघरून घेतला. लग्न झालं, सूरज झाला, हर्षाली झाली. आज बोलू, उद्या बोलू असं करत गुन्हा इतका जुना झाला की कबूल करायलाच लाज वाटू लागली.

"निशाण..." सोमाजींनी पंचा वर उचलला. "टाकलं!"

चांगदेव हलले नाहीत.

"सुटा की राव!" कुंपणावरून कुणीतरी ओरडलं.

चांगदेव भोपळा धरून नुसते उभे. सयाजी मागे वाकलेले, आता त्यांना सरळ होता येईना. सोमाजी माईकमध्ये सांगू लागले, "गडी तयार हाय... गडी इचार करतोय... पाच सेकंद... धा सेकंद... बारी बाद व्हतीय मंडळी!" आणि चांगदेव सावकाश वळले आणि त्यांनी गोठ्याकडे, प्रयागबाईंच्या तोंडाकडे बघितलं. काहीतरी विचारायचं असावं असं बघितलं.

प्रयागबाईंना ते सहन झालं नाही.

"बस झालं! त्यांची चूक न्हाई! मी बोलावलं व्हतं!"

सोमाजी कसलेले निवेदक. बोलणाऱ्याच्या तोंडापुढं माईक नेणं त्यांच्या रक्तात होतं. ते चार पावलांत पोचले आणि पुढचं सगळं डिंगोऱ्याच्या निम्म्या गावानं ऐकलं.

"पुण्याच्या मैदानात मी त्या कडंला उभी व्हते. मला वाटलं, जिकडं मानसं तिकडंच निशाण. मीच वरडले, इकडं या म्हनून. दादा, तू पाडलं त्ये बरोबर केलं. आन ह्यांच्याकडनं चूक झाली ती माज्यामुळं. सदतीस वर्षं मी गप बसले. तुमी दोघं येकमेकाचं तोंड बघंना झालात आन मी रोज भाकरी थापीत ऱ्हायले. काय करायचं त्ये करा माजं." आणि त्या पेंढीवर बसून पदरात तोंड घालून मोठ्यानं रडू लागल्या.

सूरजनं धावत जाऊन स्पीकर बंद केला, पण आता त्याचा उपयोग नव्हता.

चांगदेव भोपळ्यासकट चढ चढून आले. बायकोसमोर उकिडवे बसले. गुडघा वाजला.

"मला ऐकू आलं व्हतं," ते म्हणाले.

प्रयागबाईंनी पदर खाली केला.

"ऐकू आलं म्हनून तर पळालो. मी बरोबर पळत व्हतो म्हंतो त्ये काय उगी?"

"मंग बोललात का न्हाई?"

"तवा बोललो असतो तर तुज्या बापानं सोयरीक मोडली असती. पोरगी भर मैदानात परक्या पोराला हाका मारती म्हनून."

"आन लग्नानंतर? सदतीस वर्षं?"

चांगदेव भोपळ्यावरची धूळ पुसत बसले. पोरं ऐकतायत, कुंपण ऐकतंय, त्यांच्या लक्षात होतं. तरी बोलले.

"नंतर तू कदी इषयच काढला न्हाईस. मला वाटायला लागलं, तू मला बोलावलंच नसंल. त्या मैदानात बावीस पोरं व्हती. दुसऱ्याच कुनाला बोलावलं असंल. इचारायचं धाडस झालं न्हाई."

प्रयागबाई बघतच राहिल्या. हा माणूस विहिरीत उतरून साप धरतो, बिबट्या आला म्हटल्यावर बॅटरी घेऊन एकटा उसात शिरतो. आणि ह्या एका गोष्टीला सदतीस वर्षं भ्याला.

"अहो, चेंडू तुमच्या हातात व्हता," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला बोलावून मी काय करनार व्हते?"

कुंपणावर कुणीतरी शिट्टी मारली. हर्षाली हसत होती आणि डोळेही पुसत होती. लंकाबाईंनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "माज्यासाठी कदी उलटं पळाला व्हतात का हो?" सयाजी अजून वाकलेलेच होते. सूरजनं आणि हर्षालीनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना सरळ केलं.

सरळ झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून चांगदेवांपुढे आले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मधे प्रयागबाई नव्हत्या.

"म्हंजी चांग्या, तू सामना हरवायला न्हाई, माज्या बहिनीकडं निगाला व्हतास?"

"व्हय."

"आन मी तुला दोन हातांवर पाडला."

"दोन दातांसकट."

सयाजींनी कंबर चोळली. "भाऊ म्हनून बघितलं तर पाडायलाच पायजे व्हता," ते म्हणाले. मग बहिणीकडे वळून बोट नाचवलं. "लग्नात पोरीला मांडवात मी आननार. पन प्रयागे, तू हू की चू करायचं न्हाई. कुठं न्यायची त्ये माजं मला कळतंय."

"आन मी आडवा आलो तर?" चांगदेवांनी विचारलं.

"तर परत पाडीन," सयाजी म्हणाले, आणि उकिडव्या बसलेल्या चांगदेवांना उठवायला हात पुढे केला.